जुन्या एचपी-१२सीवर टिंब, स्वल्पविराम आणि लाखांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचा एचपी-१२सी हा कॅल्क्युलेटर रत्नागिरीच्या घरी कपाटात सापडला. नवे सेल घातल्यावर चालू झाला, पण साडेबाराशे रुपये तो १.२५०,०० असे दाखवतो. दुरुस्तीवाल्याने ‘डिस्प्ले गेलाय’ म्हणून परत दिला. हे सरळ करता येईल का? आणि आलं तर बारा लाख चौतीस हजार आपल्या पद्धतीने १२,३४,००० असे दिसतील का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डिस्प्ले गेलेला नाही, मशीन अगदी ठीक आहे. दुसऱ्याचं उत्तर असं की लाखाच्या जागी स्वल्पविराम येणार नाही, पण आकडा लाखांत वाचता येईल अशी सोय त्याच मशीनमध्ये करून घेता येते. ती पुढे सविस्तर देतो.

आधी टिंब आणि स्वल्पविराम. मशीन बंद करा. सगळ्यात खालच्या ओळीत शून्याच्या उजवीकडे टिंबाचं बटण आहे, ते दाबून धरा. ते धरलेलं असतानाच ऑन दाबा आणि मग दोन्ही सोडा. आता १२५० टाकून एन्टर करा, १,२५०.०० दिसेल. पुन्हा तेच केलंत तर पुन्हा उलटं होईल. जर्मनी, ब्राझील अशा देशांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब लिहितात. एकच मशीन जगभर विकायचं म्हणून १९८१ सालच्या पहिल्या मॉडेलपासून ही सोय त्यात ठेवलेली आहे. दुरुस्तीच्या दुकानात मोबाइलच हाताळणाऱ्या मुलाला ती माहीत नसणं साहजिक आहे.

तुमच्याकडे हे कधी झालं असावं, तेही सांगतो. या मशीनची मेमरी बंद केल्यावरही टिकते, पण सेल पूर्ण उतरले की जाते. मग नवे सेल घातले की पडद्यावर ‘पीआर एरर’ येतं आणि मशीन मूळ स्थितीवर येतं, म्हणजे दशांशाला टिंब आणि दोन दशांश स्थळं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनचे सेल उतरलेलेच असणार. त्यामुळे हा बदल बहुधा सेल घातल्यानंतरचा आहे. बटणं चालतात का हे बघताना एक बोट टिंबावर आणि दुसरं ऑनवर गेलं असेल. बटणं पुसताना हे हमखास होतं, म्हणून पुसल्यावर एकदा मोठा आकडा टाकून बघत जा.

आता लाखाकडे वळू. हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि विचारण्यात काही गैर नाही. ज्याने आयुष्यभर खतावणी १२,३४,५६७ अशी लिहिली, त्याचा डोळा १,२३४,५६७ वर अडखळणारच. पतपेढीच्या काउंटरवर असं अडखळणं महागात पडू शकतं.

आधी हे बघा की अडचण पडद्याची नाही. मशीन बंद करा, ऑन दाबून धरा, गुणाकाराचं बटण दाबा, मग आधी ऑन सोडा आणि नंतर गुणाकाराचं सोडा. थोडा वेळ ‘रनिंग’ असा शब्द लुकलुकेल आणि मग पडद्यावर उणे चिन्हानंतर ८,८,८,८,८,८,८,८,८,८, अशी रांग येईल. ही मशीनची स्वतःची तपासणी आहे. काही बिघाड असेल तर याऐवजी ‘एरर ९’ येतं. ही रांग नीट निरखा. दहाच्या दहा आकड्यांच्या पायाशी स्वल्पविराम आहे, अगदी शेवटच्या आठच्या पुढेही. म्हणजे काचेवर जागा प्रत्येक ठिकाणी आहे. कोणता स्वल्पविराम पेटवायचा हे आतला प्रोग्राम ठरवतो, आणि तो दर तीन आकड्यांनी पेटवतो. जुन्या १२सीमध्ये हा प्रोग्राम चिप बनतानाच कायमचा कोरलेला असतो. सोल्डरिंग करून, एखादी वायर जोडून तो बदलत नाही. कोणी ‘लाखाचं मॉडिफिकेशन’ करून देतो म्हणाला तर मशीन हातात देऊ नका.

एक सावधगिरी. गुणाकाराच्या बटणाच्या बरोबर खाली वजाबाकीचं बटण आहे. ऑनबरोबर वजाबाकी दाबली गेली तर सगळी मेमरी पुसली जाते. तुमच्या मशीनची मेमरी आधीच गेलेली आहे, त्यामुळे काही नुकसान नाही. पण ज्यांच्या मशीनमध्ये जुने प्रोग्राम आहेत त्यांनी चांगल्या उजेडात, बोट नीट बघून ही तपासणी करावी.

जुनं-नवं ओळखायची खूणही लक्षात ठेवा. मागचं सेलचं झाकण उघडल्यावर एलआर४४ चे तीन बटणसेल दिसले तर मशीन जुन्या बनावटीचं. चपटे सीआर२०३२ दोन दिसले तर ते २००८ नंतरचं, आत वेगळीच चिप असलेलं. त्याचा प्रोग्राम पुन्हा भरता येतो, पण तो विषय निराळा आहे. तुमच्या मशीनला लागू नाही.

मग लाखासाठी काय करायचं? आकड्याला एका लाखाने भागायचं आणि पाच दशांश स्थळं दाखवायची. १२३४५६७८ टाका, एन्टर, मग १, ईईएक्स (दहाचा घात टाकायचं बटण), ५, म्हणजे एक लाख, आणि भागाकार. आता सोनेरी एफ दाबून ५ दाबा. पडद्यावर १२३.४५६७८ येईल. टिंबाच्या डावीकडे लाख, १२३ लाख. उजवीकडच्या पाचांपैकी पहिले दोन आकडे हजारांचे आणि उरलेले तीन शेकड्यापासून खालचे. १२३ लाख ४५ हजार ६७८, म्हणजे एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर. स्वल्पविरामाचं काम टिंब करतं आणि डोळ्याला ते लगेच पटतं. मला विचाराल तर स्वल्पविरामापेक्षाही हे बरं, कारण मोठ्या रकमेत आपण मनात आधी लाखच मोजतो.

हे दरवेळी हाताने करायची गरज नाही. १२सीला प्रोग्राम करता येतो आणि हा प्रोग्राम पाच ओळींचा आहे.

एफ दाबून आर/एस (प्रोग्राम चालवायचं-थांबवायचं बटण) दाबा, म्हणजे पी/आर, प्रोग्राम लिहिण्याची अवस्था. मग एफ आणि आर-खाली-बाण, म्हणजे जुना प्रोग्राम साफ. आता क्रमाने दाबा: १, ईईएक्स, ५, भागाकार, एफ ५. एवढंच. दाबताना डावीकडे ओळीचा क्रमांक आणि उजवीकडे बटणाचा संकेतांक दिसतो. ईईएक्सला २६, भागाकाराला १० आणि शेवटच्या ओळीला ४२ ५ दिसलं की बरोबर झालं. पुन्हा एफ आणि आर/एस दाबून बाहेर या. यापुढे पडद्यावर कोणतीही रक्कम असली की आर/एस दाबायचं, ती लाखांत दिसेल. परत रुपयांत हवी असेल तर निळं जी दाबून एन्टर, म्हणजे एलएसटी-एक्स, आणि मग गुणाकार. शेवटचा भाजक एक लाख मशीनला लक्षात असतो, त्याने गुणलं की मूळ रक्कम जशीच्या तशी परत येते. एफ २ केलं की पैसेही दिसू लागतात.

पाच स्थळं ठेवली की रक्कम रुपयापर्यंत दिसते, पैसे जवळच्या रुपयात मिळून जातात. लाखाखालचे रुपये आणि त्याखालचे पैसेही बघायचे असतील तर शेवटच्या ओळीत एफ ५ ऐवजी एफ ७ घाला. पडद्यावर एकूण दहाच आकडे मावतात, म्हणून सात स्थळं ठेवल्यावर डावीकडे तीन आकडे उरतात, म्हणजे ९९९ लाखांपर्यंत. घरगुती हिशेबाला आणि छोट्या पतपेढीलाही तेवढं पुरतं.

या सगळ्यात एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, आणि याच गोष्टीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. पडद्यावर दिसणारा आकडा आणि मशीनच्या पोटातला आकडा वेगळे असतात. एफ २, एफ ०, एफ ९ हे सगळं फक्त दाखवण्यापुरतं आहे. आत नेहमी दहा आकडी संख्या असते आणि पुढची गणितं तिच्यावरच होतात.

रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढलेल्या जाळ्याच्या मासळीचे, वाटे घ्या. मासळीचे दहा हजार रुपये आले आणि वाटे तीस आहेत. १०००० एन्टर ३० भागाकार. एफ २ असताना ३३३.३३ दिसेल. आता लगेच ३० ने गुणा. १०,०००.०० दिसेल आणि तुम्ही म्हणाल, बरोबर. पण एफ ९ दाबून बघा, ९,९९९.९९९९९९ दिसेल. आत ३३३.३३३३३३३ होते, त्यांना तीसने गुणलं. पडद्याने दोन स्थळांत गोल करून ते दहा हजार दाखवले. आता हेच पुन्हा करा, पण भागल्यावर एफ आणि पीएमटी दाबा. त्या बटणावर सोनेरी अक्षरांत आरएनडी लिहिलेलं आहे. हे बटण पोटातला आकडाच पडद्याइतका करतं. मग ३० ने गुणलं की ९,९९९.९० येतात. दहा पैसे कमी. एफ ० ठेवून आरएनडी केलंत तर वाटा ३३३ रुपये, तीस वाट्यांचे ९,९९० आणि दहा रुपये शिल्लक. प्रत्यक्षात किनाऱ्यावर वाटा पूर्ण रुपयांतच हातात पडतो. त्यामुळे हा तिसरा हिशेब खरा आणि वर उरलेल्या दहा रुपयांचं काय करायचं ते सगळ्यांसमोर ठरवायचं.

कर्जाच्या हप्त्यातही हेच होतं. दोन लाख, महिना एक टक्का, चोवीस हप्ते. हप्ता ९,४१४.६९ दिसतो, आत तो ९,४१४.६९४४ च्या पुढे चालू असतो. चोवीसने गुणल्यावर मशीन २,२५,९५२.६७ सांगतं, म्हणजे पडद्यावर २२५,९५२.६७, आणि कागदावर ९,४१४.६९ ला चोवीसने गुणलं तर २,२५,९५२.५६ येतात. या अकरा पैशांसाठी वडिलांच्या वेळी कित्येक कारकून संध्याकाळी उशिरापर्यंत बसले असतील. जिथे रक्कम प्रत्यक्ष द्यायची-घ्यायची आहे तिथे आरएनडी दाबा. जिथे फक्त अंदाज बघायचा आहे तिथे नुसतं एफ आणि स्थळांची संख्या पुरे. पूर्ण दहा आकडे क्षणभर बघायचे असतील तर एफ दाबून एन्टर धरून ठेवा. त्यात टिंब दिसत नाही, पण आकडे सगळे दिसतात. बोट उचललं की पडदा पूर्ववत होतो.

एफ आणि टिंब दाबलं की शास्त्रीय मांडणी येते, म्हणजे दहाचा घात उजवीकडे वेगळा दिसतो. चुकून तसं झालं तर घाबरू नका, एफ २ केलं की जातं.

तारखेचंही एकदाच लावून ठेवा. जी दाबून ४ दाबलं की डी.एमवाय, म्हणजे आधी दिवस, मग महिना. पडद्यावर खाली तसं लिहून येतं. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख १५.०८१९४७ अशी टाकायची. जी ५ केलं तर अमेरिकी पद्धत, आधी महिना. मुदत ठेवीचे दिवस मोजणाऱ्याने हे बघितलं नाही तर ५ मेसारखी तारीख बिघडत नाही, पण ७ मेची ५ जुलै मात्र नक्की होते, आणि मशीन काही तक्रार करत नाही.

कपाटात सहसा एकच कॅल्क्युलेटर सापडत नाही, म्हणून इतर जुन्या मशीनबद्दलही थोडं सांगतो. एचपी-४१सी असेल तर त्यात स्वल्पविराम पूर्ण काढूनही टाकता येतात: सीएफ (मशीनमधली खूण काढणं) २९ केलं की गटाचे स्वल्पविराम जातात, सीएफ २८ केलं की टिंब-स्वल्पविराम अदलाबदल होतात, एसएफने (खूण परत लावणं) दोन्ही परत येतात. १२सीवर गटाचे स्वल्पविराम बंद करायची सोय नाही. ऐंशीच्या दशकातल्या कॅसिओच्या एफएक्स मालिकेत बहुतेक ठिकाणी मोड ७ आणि एक आकडा म्हणजे तेवढी दशांश स्थळं, मोड ८ म्हणजे शास्त्रीय मांडणी आणि मोड ९ म्हणजे साधी. बहुतेकांच्या झाकणावर किंवा पडद्याखाली हे छापलेलंच असतं.

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर, आणि काही जुन्या खिशातल्यांवरही, वर एक सरकपट्टी असते. तिच्यावर एफ, ३, २, ०, ए असं काहीतरी लिहिलेलं असतं. एफ म्हणजे जेवढे दशांश येतील तेवढे. आकडा म्हणजे तेवढी स्थळं. ए वर पट्टी असली की बेरीज-वजाबाकीत टिंब न दाबता शेवटचे दोन आकडे पैसे समजले जातात. १२५० अधिक केलं की १२.५० होतात. ‘कॅल्क्युलेटर शंभर पटीने कमी दाखवतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची पट्टी जवळजवळ नेहमी ए वर असते. ज्या काळी प्रत्येक पावतीवर पैसे लिहिले जात त्या काळी ही पट्टी वरदान होती, एका एका टिंबाचा वेळ वाचायचा. शेजारी दुसरी पट्टी असेल, वर बाण, ५/४, खाली बाण, तर ती ५/४ वरच ठेवा, म्हणजे पाचापासून वर आणि चारपर्यंत खाली असं नेहमीचं गोल करणं. वर बाण म्हणजे नेहमी वाढवून गोल करणं, खाली बाण म्हणजे नेहमी तोडणं. आंब्याच्या पेटीचा डझनाचा भाव काढताना पट्टी बाणावर राहिली तर पेटी पेटीला पैसे सरकत जातात आणि मोसमाच्या शेवटी ताळा जुळत नाही.

कोकणात मात्र या पट्टीची एक वेगळीच अडचण होते. खारी हवा. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आतल्या घरातही पट्टीखालचे तांब्याचे पट्टे हिरवट पडतात. मग पट्टी २ वर असून मशीन एफसारखं वागतं, किंवा हलवल्यावर क्षणभर बरोबर दाखवून पुन्हा बदलतं. लोकांना वाटतं चिप गेली. आधी मशीन बंद ठेवून, सेल काढून, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सरकवा. पुष्कळदा घासण्यानेच संपर्क परत येतो. नाही आला तर मागचे स्क्रू काढून कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पट्टे पुसा. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच दशा होते.

सेलच्या जागी पांढरी पूड दिसली तर ती फुटलेल्या अल्कलाइन सेलची आहे. ती क्षारधर्मी असते, म्हणून कापसाच्या काडीवर थेंबभर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने पुन्हा पुसून कोरडं करा. आपल्याकडे तांब्याची भांडी कोकमाने, चिंचेने लख्ख करायची सवय आहे, म्हणून आगळ वापरण्याचा मोह होतो. आगळात मीठ असतं. ते संपर्कावर राहिलं तर दमट हवेत आधीपेक्षा वेगाने गंज धरतं. लिंबू चालेल, आगळ नको.

१२सी मात्र उघडू नका. जुन्या मशीनचा कीबोर्ड प्लास्टिक वितळवून बसवलेला असतो, एकदा उखडला की घरच्या घरी परत तसा बसत नाही. शिवाय वर सांगितलेल्या आठांच्या तपासणीत सगळे स्वल्पविराम दिसले तर आत उघडून बघण्यासारखं काही नाहीच. एखाद्याच आकड्याचा स्वल्पविराम किंवा एखादी रेघ दिसत नसेल तर तो काचेचा किंवा तिच्या जोडणीचा दोष, आणि तेव्हाच ‘डिस्प्ले गेलाय’ म्हणायचं.

सेल घेताना एलआर४४ ऐवजी त्याच मापाचे एसआर४४ मिळाले तर ते घ्या. ते सिल्व्हर ऑक्साइडचे असतात, थोडे महाग, पण जास्त टिकतात आणि शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सारखं देतात. तिन्ही एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली चांदणी लुकलुकू लागली की बदलायची वेळ झाली.

पावसाळ्यात मशीन वापरात नसेल तर सेल काढून ठेवा आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. सेल काढले की तुमचा पाच ओळींचा प्रोग्राम जाईल आणि तारखेची मांडणीही मूळ पदावर येईल. म्हणून त्या पाच ओळी आणि जी ४ एका कागदावर लिहून मशीनच्या चामडी पाकिटात ठेवा. गणपतीत पुन्हा सेल घालाल तेव्हा ‘पीआर एरर’ येईल, कोणतंही बटण दाबून ते घालवा आणि कागद बघून प्रोग्राम परत भरा.